एका शेअरचे मालक

आमच्या थोरल्या साडूंएवढा मोठा मालक भोसरीपासून चाकणपर्यंत शोधून सापडणार नाही. दुचाकीची कंपनी त्यांची, पंपांची त्यांची, औषधांची त्यांची, खताची आणि काचेचीही त्यांचीच. आणि या सगळ्यांत त्यांचा वाटा म्हणजे प्रत्येकीत एक शेअर. कुठे दोन असतील तर ते कंपनीने बोनस दिला म्हणून, साडूंनी मागितला म्हणून नव्हे. दुसरा शेअर लोक कशाला घेतात, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. "एकाचं सर्टिफिकेट काय आन् हजाराचं काय, चित्र तेवढंच असतंय की," असं ते म्हणतात. चित्रासाठी शेअर घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शेअर विकताही येतात हे त्यांना ऐकून माहीत आहे. काही लोक दारू पितात हे जसं त्यांना ऐकून माहीत आहे, तसंच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला शेठ म्हणतात. माझं म्हणणं मानापोटी असतं, त्यांचं कशापोटी असतं याची मला खात्री नाही. ते मूळचे राजगुरुनगरकडचे. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, टर्नर म्हणून उमेदीची वर्षं घालवली. मी लातूरकडून हात हलवत आलो आणि आज जुन्या मशीनचा धंदा करतो. कारखाना बंद पडला की त्याचा लिलाव घ्यायचा, मशीन दुरुस्त करायची आणि विकायची. चाकणला माझं यार्ड आहे. माझ्याशी भाव करून हसत परत गेलेला माणूस दाखवावा. एक दादा आहेत, आणि म्हणूनच हे लिहितोय. त्यांचं कौतुक करायला बसलोय असा कोणाचा समज नको. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे आणि ती मी सोडलेली नाही.

दादांची मालकी नुसती कागदावरची असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ते ती बजावतात. एकदा त्यांना गाडीतून घेऊन मी भोसरीच्या रस्त्याने चाललो होतो. पंपांच्या कंपनीच्या गेटपुढे एक ट्रक आडवा लागला होता आणि ड्रायव्हर टपावर बसून केळी खात होता. दादा म्हणाले, "शेठ, गाडी बाजूला घ्या." उतरले, धोतर सावरल्यासारखी पँट सावरली आणि ट्रकपाशी जाऊन उभे राहिले. "ये गेट किसका है, मालूम है?" ड्रायव्हरने त्यांच्याकडे वरून पाहिलं. "आपका है क्या?" "हां. हमारा है." आता हे वाक्य दादा इतक्या शांतपणे बोलतात, की खरा मालकसुद्धा तसं बोलू शकणार नाही. ड्रायव्हरने ट्रक हलवला. गेटवरच्या वॉचमनने दादांना सलाम ठोकला. दादांनी त्याला कुंपणाची भिंत दाखवून सांगितलं, "पान खाऊन थुंकत्यात लोकं. ध्यान ठेवा." आणि गाडीत येऊन बसले. दोन चौक मागे पडले. मग म्हणाले, "आपल्या माणसांना शिस्त लावावी लागती."

माझी नवी गाडी बघायला आले तेव्हा त्यांनी रंग पाहिला नाही, आत बसले नाहीत, खाली वाकून टायर पाहिले. "आपलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि पेढा न घेता घरात गेले. त्यांचा एक शेअर दुसऱ्या टायरच्या कंपनीत होता.

चिंचवड गावठाणात त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. हॉलच्या चारही भिंतींवर फ्रेम, आणि फ्रेमांत सर्टिफिकेटं. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग सर्टिफिकेटं, असा तिथला क्रम आहे. काही निवडक कागद भिंतीवर नसतात, ते लाकडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात असतात, कसर लागू नये म्हणून. ते बघायचे असतील तर पाहुण्याने मोरीत जाऊन साबणाने हात धुवून यायचं. पोहे खाल्लेले असतील तर दोनदा. मग दादा एकेक कागद मांडीवर घेतात. कडेची ती नागमोडी नक्षी, तिच्यात रांगोळीसारख्या गुंतलेल्या रेघा. मध्ये कुठे धुराडं, कुठे चाक हातात धरलेली बाई, कुठे जहाज. खाली संचालकांच्या सह्या. आणि कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का. "बोट फिरवा. हळू. लागला?" लागला असं म्हणेपर्यंत ते बोट सोडत नाहीत. माझ्या धाकट्या मुलीला बघायला आलेली मंडळी वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेली होती, तर नवरदेवाच्या वडिलांचं बोट त्यांनी औषधांच्या कंपनीपासून खताच्या कंपनीपर्यंत फिरवलं. लग्न ठरलं, पण व्याही अजून विचारतात, "ते शिक्केवाले येणार आहेत का?"

आता शेअर कागदावर मिळत नाहीत. सगळं मोबाइलमध्ये असतं. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी ते जमा करावेत, मग त्यांवर रद्दचा शिक्का पडतो आणि शेअर खात्यात जातात. हे समजावून द्यायला बँकेचा एक माणूस घरी आला होता. दादांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याचं बोट फिरवून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कागद मारायचा आन् मालकी मोबाइलात पुरायची. आमाला न्हाई जमायचं, भाऊ." कंपन्यांच्या वार्षिक सभाही आता पडद्यावर भरतात. त्या दिवशी दादा पांढरा शर्ट घालून नातीच्या लॅपटॉपपुढे बसतात. आक्काने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, तेवढा वेळ मिक्सर लावायचा नाही. अध्यक्ष पडद्यावर आले की दादा उठून उभे राहतात. बोलायची पाळी आली की त्यांची भाषा एकदम बदलते: "अध्यक्ष महाशय, आपल्या कारभाराबद्दल समाधान आहे. एकच विचारायचं आहे. आपण सर्टिफिकेट छापणं बंद का केलं?" अध्यक्ष इंग्रजीत काहीतरी गोड बोलतात आणि आभार मानतात. दादा खाली बसतात. "इषय टाळला," आक्काला सांगतात.

हे सगळं मी हसून सहन केलं असतं. पण हॉलमध्ये शिरल्यावर समोर, सगळ्यांत मधोमध जी फ्रेम होती, ती मला हवी होती.

ते दादांच्या स्वतःच्या कारखान्याचं सर्टिफिकेट. त्यावर मशीन शॉपचं चित्र: उंच छत, एका बाजूला मोठ्या खिडक्या, आणि लेथची रांग. खिडकीजवळचं मशीन आपलंच, असं दादांचं म्हणणं. मी भिंग लावून पाहिलंय, तिथे चार आडव्या रेघा आहेत. पण तो वाद नाही. त्या कारखान्यात मीसुद्धा होतो. कंत्राटी हेल्पर. आमची तेव्हा सोयरीक नव्हती. दादांच्याच लेथखाली बसून मी लोखंडाचा कीस गोळा करायचो. कंपनीच्या वर्धापनदिनी कायम कामगारांना एकेक शेअर वाटला, सर्टिफिकेटासकट. आम्हा कंत्राटी पोरांना पेढे. दादा स्टुलावर बसून तो कागद उजेडात धरून बघत होते. मी खालून मान वर केली, तर सुपरवायझर म्हणाला, "ए, पलीकडं हो. हात तेलकट आहेत तुझे." पुढे कंत्राट संपलं आणि गेटाबाहेर काढलं.

मग काही वर्षांनी कंपनीच बुडाली. लिलाव निघाला आणि तो मी घेतला. सगळ्या लेथ, वरची क्रेन, कॅन्टीनची बाकं, ज्या गेटातून मला काढलं ते गेट, सगळं. शिफ्टचा भोंगासुद्धा माझ्या यार्डात आहे. ऑफिसात शिरलो आणि आधी भिंती बघितल्या. तिथे एक सर्टिफिकेट लावलेलं असायचं, ते कोणी नेलं होतं. कामगारांकडे विचारलं, तर कंपनी बुडाल्यावर कोणी जाळलं होतं, कोणी रद्दीत दिलं होतं. उरलं होतं एकच, माझ्या साडूंच्या हॉलमध्ये. माझ्या नव्या ऑफिसात खुर्चीच्या मागे ते लावायचं मी ठरवलं. एवढी वर्षं या पट्ट्यात जे काही केलं, त्याची ती पावती होती असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

"दादा, कंपनी मेली. हा कागद आता रद्दी आहे," मी सुरुवात केली.

"मग रद्दीच्या दुकानात बघा की, शेठ."

"सगळी कंपनी मी विकत घेतलीय. हा एक कागद राहिलाय."

"भंगार घेतलं तुमी. कंपनी कुठं घेतली? मालकाला कोणी इचारलं?" आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून ते चहा पिऊ लागले.

माझ्या धंद्यात एक पद्धत आहे. भाव जमत नसला की उठायचं आणि चालू लागायचं. दारापर्यंत जाईतो समोरचा हाक मारतो. मी उठलो. सावकाश दारापाशी गेलो. एक चप्पल घातली, दुसरी शोधल्यासारखं केलं. मागून आवाज आला, "शेठ." मी वळलो. "दार ओढून घ्या. डास येत्यात."

तेव्हापासून मी हात धुवून मागे लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारातून जुन्या सर्टिफिकेटांचा गठ्ठाच आणला. चहाचे मळे, आगबोटी, सूतगिरण्या, एकावर तर हत्ती होता. हे सगळे घ्या आणि तो एक द्या म्हटलं. दादांनी हात धुतले, भिंग घेतलं आणि अख्खी दुपार गठ्ठा बघितला. हत्तीवर फार वेळ थांबले. मग सगळे कागद क्रमाने लावून माझ्या हातात दिले. "लई भारी हायेत. सांभाळा." बायकोला आक्काकडे पाठवलं. आक्का म्हणाली, "माझं ऐकत असते तर या हॉलला रंग नसता का लागला गं? फ्रेमा उतरवाव्या लागतील म्हणून दिवाळ्या गेल्या." एकदा संतापाच्या भरात मी त्यांच्या दारात उभा राहून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते संपेपर्यंत दादा ऐकत उभे होते. मग म्हणाले, "पाणी घ्या. घसा बसंल."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या या पट्ट्यात सगळीकडे मशीनची पूजा होते. मशीन धुवून पुसून झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. कारखाना गेल्यापासून दादांकडे पुजायला मशीन नाही. म्हणून ते त्या दिवशी मधली फ्रेम भिंतीवरून उतरवून पाटावर ठेवतात आणि काचेवर, बरोबर खिडकीजवळच्या त्या चार रेघांवर, कुंकू लावतात. दोन की तीन वर्षांपूर्वी मी बायकोला घेऊन मुद्दाम त्याच वेळी गेलो. आरती झाली. मी म्हणालो, "दादा, तुम्ही आकडा सांगा. मी घासाघीस करणार नाही." हे वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नव्हतं. माझी बायको माझ्याकडे बघत राहिली.

दादांनी पाटाकडे बघितलं. "माझी लेथ कुठं हाय, शेठ?"

"विकली. भोसरीत कोणाला तरी."

"ती दाखवा. मग बोलू."

मी कामाला लागलो. भोसरीवाल्याने ती तळवड्याला विकली होती. तळवडेवाल्याने आधी ओळख दिली नाही. त्याला वाटलं, मी जुन्या व्यवहाराचं काहीतरी उकरायला आलोय. त्याच्याशी भांडलो, मग जेवलो, मग त्याने चाकणचा पत्ता दिला. मशीन ओळखायची खूण दादांनी सांगितली होती: अंगाला डब्बा अडकवायचा एक हुक, त्यांनी स्वतः वेल्डिंग करून लावलेला. कारखान्यात त्यासाठी मेमो मिळाला होता. चाकणच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये मला तो हुक दिसला. त्याला एका बाईंची पर्स लटकत होती. नवरा-बायकोचं वर्कशॉप होतं. नवरा बाहेरची कामं बघायचा आणि लेथ बाई चालवायच्या. मी म्हटलं, आमचे एक नातेवाईक मशीन बघायला येतील. त्या म्हणाल्या, "बघायला या. विकायचं नाही." मला अशी माणसं लगेच कळतात.

पुढच्या खंडेनवमीला दादांना घेऊन निघालो. ते पांढरा शर्ट घालून, मांडीवर कापडी पिशवी ठेवून पुढे बसले होते. पिशवीतून फ्रेमचा कोपरा बाहेर आला होता. वाटेत ट्रॅफिकमध्ये कोणी घुसलं, कोणी आरसा घासला, मी कोणालाही काही बोललो नाही. मला माझी भिंत दिसत होती.

शेडमध्ये मशीन स्वच्छ धुतलेलं, माळ घातलेली. दादांनी दारातच चप्पल काढली. बाईंनी घाईने हुकावरची पर्स काढायला हात घातला. "राहू द्या ताई. त्याच्यासाठीच हाय ते," दादा म्हणाले.

"काका, चालू करून दाखवलं असतं. पण आज..."

"न्हाई न्हाई. आज त्याला सुट्टी." त्यांनी लोखंड पकडून धरणारा गोल चक हाताने फिरवला. हळूहळू, कान जवळ नेऊन. "बेअरिंग बदललंय."

"गेल्या वर्षी. आवाज करत होतं."

"करायचंच." मग ते नुसते उभे राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, खोकलो नाही, काही केलं नाही. इतका धीर मी कुठल्याही लिलावात धरलेला नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून फ्रेम काढली, शर्टाच्या बाहीने काच पुसली. मी हात पुढे केला. दादांनी फ्रेम बाईंच्या हातात दिली.

"हे ह्या मशीनच्या वर लावा. ह्याचं चित्र हाय. खिडकीजवळचं."

"दादा!" मी ओरडलो. पत्र्याला आवाज घुमला. बाई एक पाऊल मागे सरकल्या. "आपलं काय ठरलं होतं?"

"लेथ दाखवा, मग बोलू, असं ठरलं हुतं." दादा वळून माझ्याकडे बघत म्हणाले. "बोला की."

बाई काचेकडे आणि मशीनकडे बघत होत्या. "काका, इथं तेल उडतं हो. खराब होईल. शेठना हवं असेल तर..."

"उडू द्या," दादा म्हणाले. ज्या माणसाने पोहे खाल्लेल्या पाहुण्यांना दोनदा मोरीत पाठवलं, तो हे म्हणाला. "ताई, तेलाचा हात लागला तरी चालंल. पुसायचं सावकाश."

परतीला चाकण चौकात गाड्या ठप्प होत्या. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो. डोक्यात जे होतं ते सगळं बोलायचं ठरवलं होतं, फक्त सुरुवात कुठून करावी हे ठरत नव्हतं. दादांनीच तोंड उघडलं.

"त्या दिवशी तुमी खालून बघत हुता. मी बघितलं हुतं."

"मग?"

"मग काय. वाटलं, खाली वाकून दाखवावं पोराला. पर सुपरवायझर हुबा हुता." रिकामी पिशवी त्यांनी नीट घडी केली. "माझ्या घरी कागद बघायला आलात तरी तुमी भाव करायला येता, शेठ. तुमच्या हापिसात लावायला दिला असता तर मी बी भाव केल्यासारखं झालं असतं. आता तिथं जात जा. सुट्टी नसंल त्या दिवशी. मशीन चालू असताना वर बघा. कोणी पलीकडं हो म्हणायचं न्हाई."

पुढची गाडी सरकली होती. मागचे हॉर्न वाजवत होते. मी बराच वेळ गिअर टाकला नाही.

तक्रार मी अजूनही सोडलेली नाही. माझ्या ऑफिसात खुर्चीच्या मागे खिळा ठोकलेला आहे आणि त्यावर बायको म्हणते तसं कॅलेंडर मी लावू दिलेलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या शेडमध्ये जातो. बाईंना मशीनचा भाव विचारतो. मशीन घेतलं तर त्यावरची फ्रेमही त्याच्याबरोबर येईल, असा माझा हिशेब आहे, आणि तो बाईंना पहिल्या दिवशीच कळलाय. "नाही म्हटलं ना, शेठ," असं म्हणत त्या काम चालू ठेवतात. काचेवर तेलाचे बारीक थेंब जमलेले असतात, खिडक्याही धड दिसत नाहीत. मी स्टूल ओढतो, वर चढतो आणि रुमालाने पुसून काढतो. "कशाला? उद्या परत उडेल," बाई मशीनच्या आवाजात ओरडतात. मी पुसत राहतो.

दादा बरोबर येतात, पण हल्ली गाडीतून उतरत नाहीत. गुडघे वाकत नाहीत, शेडची पायरी त्यांना उंच पडते. मी परत येऊन दार उघडतो तेव्हा हात पुसत असतो. ते माझ्या हातांकडे बघतात आणि विचारतात, "दिसलं का नीट?"

"दिसलं," मी म्हणतो.

"खिडकीजवळचं?"

चार आडव्या रेघा आहेत तिथे, दुसरं काही नाही. "हो," मी सांगतो. "खिडकीजवळचं."